न विचारलेला प्रश्न

आंबेगाव तालुक्यातील शिनोली हे गाव पुण्याच्या वाचकांना ठाऊक असते ते भीमाशंकरच्या वाटेवरील एक गाव म्हणून. मंचरला नाशिकचा हमरस्ता सोडावा, घोडेगाव ओलांडावे, की घोड नदीच्या खोऱ्यात हे गाव लागते. पुढे डिंभ्याचे धरण आणि मग डोंगर. श्रावणात व महाशिवरात्रीस येथून असंख्य मोटारी जातात, पण त्यांतील यात्रेकरूंना येथे उतरण्याचे कारण सहसा पडत नाही. आम्ही गेल्या महिन्यात उतरलो ते एका घरी सांत्वनासाठी. पत्रव्यवसायात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत शिकवीत होतो. त्या काळचे आमचे एक वडीलधारे सहकारी निवृत्तीनंतर तेथे येऊन राहिले होते. ते गेल्याचे आम्हांस उशिरा कळले.

त्यांच्या पत्नीने एक कापडी पिशवी आमच्यापुढे ठेवली. अखेरच्या अकरा महिन्यांतील केस पेपर तीत नीट घड्या घालून ठेवलेले होते. आम्ही मोजले, ते चौदा निघाले. चार निरनिराळ्या ठिकाणच्या बाह्यरुग्ण विभागांत चौदा वेळा गुरुजी रांगेत बसले होते. प्रत्येक कागदावर रक्तदाब होता, साखर होती, गोळ्यांची नावे होती. परंतु गुरुजींना आता देवळापर्यंत चालवत नाही, धोतराला एक निरी जास्त पडू लागली आहे, रात्री आडवे होता येत नसल्याने ते भिंतीला टेकून बसूनच झोपतात, यांपैकी एकही गोष्ट कोठे लिहिलेली नव्हती. कोणी चूक केली असे नव्हे. ज्याने त्याने आपल्यापुढील आजाराला औषध दिले. पुढे एका रात्री दम लागला, पुण्यातील मुलांना दूरध्वनी गेला, गाडी आली, आणि सुमारे ऐंशी किलोमीटरचा प्रवास करून गुरुजी एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात पोहोचले. नऊ दिवसांनी ते तेथेच गेले. तोंडात नळी असल्यामुळे त्या नऊ दिवसांत त्यांना बोलता आले नाही. बाई म्हणाल्या, "त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं, मला पुण्याला नेऊ नका, इथंच ओटीवर बसू द्या. पण ते मला सांगितलं होतं. डॉक्टरांनी कधी विचारलं नाही, आणि मुलांना सांगायची माझी हिंमत झाली नाही."

या हकीकतीत खलपुरुष कोणीच नाही, म्हणूनच ती विचार करावयास लावते. मुले कर्तव्यदक्ष होती, डॉक्टर आपापल्या परीने सावध होते, पैसाही उभा राहिला. उणीव एकाच गोष्टीची होती: चौदा वेळा संधी येऊनही कोणी थांबून पुढचा विचार केला नाही. वृद्ध रुग्णाला अशा वेळी ओळखणे व त्याच्याशी पुढील काळाविषयी बोलणे हे बाह्यरुग्ण विभागाचे नित्याचे काम झाले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ते होऊ शकते, हे दाखविण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

ज्या सेवेविषयी आम्ही बोलत आहोत तिला इंग्रजीत पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आपण तिला उपशामक सेवा म्हणू. असाध्य किंवा दीर्घ आजारात वेदना, दम, मळमळ, निद्रानाश, भीती यांचे निवारण करणे आणि रुग्णासह त्याच्या घरच्यांना आधार देणे हे तिचे स्वरूप. आधुनिक काळात तिची पायाभरणी १९६७ मध्ये लंडन येथे सिसिली साँडर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस स्थापून केली. मुंबईत वांद्र्यास १९८६ मध्ये शांती आवेदना सदन सुरू झाले. केरळात कोझिकोडे येथे १९९३ मध्ये वेदनाशमनासाठी स्वतंत्र संस्था निघाली. आणि आमच्या पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला प्रतिष्ठानचे उपशामक सेवा व प्रशिक्षण केंद्र काम करीत आहे. तरीही जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा की, जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लक्ष लोकांना या सेवेची गरज असते, आणि गरजवंतांपैकी जेमतेम १४ टक्क्यांना ती मिळते.

आपल्याकडे ही सेवा माहीत असते ती बहुधा कर्करोगाच्या शेवटच्या आठवड्यांपुरती, आणि येथेच घोटाळा आहे. कर्करोगाचा रुग्ण पुष्कळदा बराच काळ सावरलेला असतो आणि मग थोड्या महिन्यांत झपाट्याने खालावतो. त्याचा शेवट जवळ आल्याचे घरच्यांनाही दिसते. परंतु आपल्याकडील बहुसंख्य वृद्ध कर्करोगाने जात नाहीत. कोणाचे हृदय थकलेले असते, कोणाचे मूत्रपिंड. जन्मभर चुलीच्या धुरात वावरलेल्या कित्येक स्त्रियांची फुप्फुसे निकामी होत आलेली असतात. या आजारांची वाट घाटाच्या पायऱ्यांसारखी असते. एक मोठा झटका येतो, रुग्णालयातून माणूस घरी येतो, सगळ्यांना हायसे वाटते. पण तो एक पायरी खाली उतरलेला असतो, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. तिसरा वर्ग स्मृतिभ्रंशाचा व निव्वळ जराजर्जरतेचा. तेथे तर वर्षानुवर्षांचा मंद उतार असतो. या दोन्ही प्रकारांत "आता शेवट आला" असे ठामपणे सांगण्याचा दिवस कधी उगवतच नाही. म्हणून तो दिवस उजाडण्याची वाट पाहत बसणारी सेवा या रुग्णांपर्यंत पोहोचतच नाही.

मग ओळखावयाचे कसे? पाश्चात्त्य देशांतील डॉक्टरांनी यासाठी एक साधा प्रश्न रूढ केला आहे. तो रुग्णाला नव्हे, स्वतःला विचारावयाचा असतो: "हा रुग्ण येत्या वर्षभरात दगावला तर मला आश्चर्य वाटेल काय?" उत्तर "नाही" असे आले, तर थांबून अधिक विचार करावयाचा. हे भविष्यकथन नव्हे, हे येथेच सांगितले पाहिजे. या प्रश्नाची पारख करणाऱ्या अभ्यासांत तो पुष्कळदा चुकतो असे दिसून आले आहे, विशेषतः कर्करोगाखेरीज अन्य आजारांत. म्हणून एडिंबरो येथील डॉक्टरांनी २०१० च्या सुमारास खुणांची एक यादी तयार केली आणि तिचा प्रसार पुढे अनेक देशांत झाला. अचानक रुग्णालयात दाखल होण्याची वारंवार वेळ येणे. दिवसाचा अर्ध्याहून अधिक वेळ अंथरुणात किंवा खुर्चीत जाणे. अंघोळ, कपडे, जेवण यांसाठी दुसऱ्यावर अवलंबून राहणे. वजन सतत घटणे. योग्य औषधे चालू असूनही त्रास न हटणे. सांभाळणाऱ्याचेच बळ संपत येणे. आणि रुग्णाने स्वतःच "आता पुरे" असे म्हणणे. यांतील कोणत्याही खुणेसाठी यंत्र लागत नाही, रक्त तपासावे लागत नाही. विचारणारा लागतो, आणि उत्तर ऐकावयास दोन मिनिटे लागतात. आमच्या गुरुजींच्या बाबतीत यांपैकी निदान चार खुणा त्या पिशवीतील सातव्या कागदाच्या सुमारास दिसू लागल्या होत्या, असे त्यांच्या पत्नीच्या सांगण्यावरून आम्हांस वाटते.

गंमत अशी की, यांतील काही प्रश्न आपल्या शासनाने आधीच विचारावयास लावले आहेत. तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी आशा सेविका जी तपासणीची यादी घरोघर भरतात, तिच्यात साठ वर्षांवरील माणसांसाठी काही प्रश्न वेगळे आहेत: उभे राहताना वा चालताना तोल जातो काय, हालचालीस अडथळा आणणारे अपंगत्व आहे काय, रोजच्या कामांत दुसऱ्याची मदत लागते काय, जवळच्यांची नावे किंवा घराचा पत्ता विसरतो काय. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली जी आरोग्यवर्धिनी केंद्रे सुरू झाली, आणि २०२३ पासून ज्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, त्यांच्या बारा सेवांत वृद्धांची व उपशामक सेवा नमूद आहे. म्हणजे प्रश्न आहेत, ते विचारणारी बाई आहे, सेवेचे नाव फलकावर आहे. परंतु घरी मिळालेले उत्तर बाह्यरुग्ण विभागातील डॉक्टरच्या टेबलावर पोहोचून त्यातून काही कृती घडली पाहिजे, तरच या सर्वाला अर्थ. नाहीतर तो केवळ भरलेला कागद.

ओळख पटल्यावर करावयाचे काय, हेही स्पष्ट असले पाहिजे. नियोजन या शब्दाने दचकण्याचे कारण नाही. डॉक्टरने किंवा परिचारिकेने रुग्णास, त्याची इच्छा असल्यास घरच्यांसह, शांतपणे बसवून चार गोष्टी विचारावयाच्या: आपल्या आजाराविषयी तुम्हांला काय ठाऊक आहे आणि आणखी किती जाणून घ्यावयाचे आहे? सध्या सर्वांत मोठा त्रास कोणता? पुढे प्रकृती बिघडली तर कोठे राहावेसे वाटते, आणि काय नको वाटते? तुम्हांला बोलता आले नाही, तर तुमच्या वतीने कोणी बोलावे? उत्तरे एका कागदावर लिहून तो कागद घरी ठेवावयाचा आणि दर काही महिन्यांनी पुन्हा पाहावयाचा, कारण माणसाचे मन बदलते व बदलण्याचा त्यास अधिकार आहे. दम लागल्यास घरी काय द्यावयाचे व कोणास बोलवावयाचे, तेही त्यावर असावे. शिनोलीच्या त्या घरात असा कागद असता, तर त्या रात्री मुलांनी कदाचित गाडी आणलीही असती. परंतु वडिलांच्या इच्छेच्या उलट आपण जात आहोत, हे त्यांना ठाऊक असते, आणि बाईंना गप्प बसावे लागले नसते.

या सूचनेवर तीन आक्षेप येतील हे आम्ही जाणतो. पहिला असा की, मरणाचे बोलणे अभद्र, त्याने रुग्ण खचतो. आळंदीस ज्ञानेश्वरांच्या समाधीपुढे माथा टेकणाऱ्या समाजाने असे म्हणावे याचे आम्हांस नवल वाटते. १९८२ च्या नोव्हेंबरात पवनार येथे विनोबांनी अन्न व औषध नाकारून देह ठेवला, तेव्हा उभ्या महाराष्ट्राने मरणाविषयीच बोलणे केले होते. विनोबांचा मार्ग योग्याचा. तो सामान्यांस कोणी सुचवीत नाही. सांगावयाचे इतकेच की, वृद्ध माणूस मरणाचा विचार करीत नाही हा घरच्यांचा भ्रम असतो. तो विचार करतोच. फक्त एकटा करतो. आणि ज्यास बोलावयाचे नसेल त्यास बोलावयास लावू नये, हा तर या शास्त्राचाच नियम आहे.

दुसरा आक्षेप असा की, म्हणजे उपचार सोडावयाचे. हा गैरसमज सर्वांत घातक. २०१० मध्ये बॉस्टन येथील डॉक्टरांनी फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासूनच उपशामक सेवा मिळाली. त्यांचे मनःस्वास्थ्य अधिक चांगले राहिले, अखेरच्या काळात त्यांच्यावर जोरकस उपचारांचा मारा कमी झाला, आणि तरीही ते अधिक जगले; मध्यक आयुर्मान ११.६ महिने भरले, तर इतरांचे ८.९ महिने. एका आजारावरील हा निष्कर्ष सर्व आजारांस लावता येणार नाही. तथापि उपशमन म्हणजे आयुष्य तोडणे, ही भीती निराधार आहे एवढे तो निश्चित सांगतो.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो आम्ही स्वतःच मांडतो. आंबेगावच्या पश्चिम भागातील महादेव कोळी वस्त्यांपर्यंत साधे उपचार पोहोचणेही कठीण असते. २०१४ च्या ३० जुलै रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला, तेव्हा त्या भागातील जिणे किती निराधार आहे हे राज्याने पाहिले. ज्या म्हातारीच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली नाही, जिला रक्तदाबाच्या गोळ्या नियमाने मिळाल्या नाहीत, खुब्याचे हाड मोडल्यावर जिला कोणी शस्त्रक्रियेस नेले नाही, तिच्यापुढे उपशमनाचा कागद ठेवणे ही क्रूर थट्टा ठरेल. म्हणून ओळख पटविण्याच्या प्रत्येक बैठकीत पहिला प्रश्न हाच असावा की, बरे होण्याजोगे काही आपण बरे करावयाचे राहून गेले आहे काय? उपशामक सेवा ही उपचारांत पडणारी भर असली पाहिजे. गरिबांसाठीचा स्वस्त पर्याय म्हणून कोणी ती पुढे करील, तर त्यास हे पत्र विरोध करील.

कायद्याची अडचण आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला व पूर्वलिखित इच्छापत्रास मान्यता दिली. २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची रीतही सोपी केली. दोन साक्षीदारांसमक्ष केलेला लेख नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित केला तरी आता चालतो. न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाण्याची गरज उरली नाही. हा दस्तऐवज ज्यास हवा त्याने अवश्य करावा. परंतु शिनोलीच्या ओटीवर बसू पाहणाऱ्या वृद्धास नोटरीपेक्षा आधी हवे आहे ते कोणीतरी केलेले संभाषण.

औषधांचेही तसेच. तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यावयाचे मॉर्फिन हे स्वस्त व परिणामकारक औषध. ज्या अफूपासून ते होते ती आपल्याच देशात सरकारी परवान्याने पिकते. तरीही १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याच्या धाकामुळे ते आपल्याच रुग्णांना दुर्मिळ झाले. २०१४ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती होऊन वाट मोकळी झाली. पण परवाना घेणारी रुग्णालये व लिहून देण्यास शिकलेले डॉक्टर वाढल्याखेरीज ती वाट खेड्यापर्यंत येणार नाही.

केरळाने २००८ मध्ये उपशामक सेवेचे धोरण केले आणि ते ग्रामपंचायतींच्या हाती दिले. परिचारिका घरोघर जाते, शेजारीपाजारी स्वयंसेवक म्हणून तिला साथ देतात, पंचायत खर्चाचा वाटा उचलते. महाराष्ट्राला हे जमणार नाही काय? १९७० च्या दशकात याच पुणे जिल्ह्यात वढू येथे डॉ. बानू कोयाजी यांनी गावातल्याच बायकांना आरोग्याचे काम शिकवून दाखविले. त्याच दशकात जामखेडला आरोळे दांपत्याने तेच केले. गावच्या बाईवर विश्वास टाकण्याची परंपरा आपली आहे. ती बाळाच्या जन्मापर्यंत पोहोचली. म्हाताऱ्याच्या अखेरीपर्यंत ती न्यावयाची राहिली आहे.

आमच्या सूचना मोजक्या आहेत. घोडेगावचे ग्रामीण रुग्णालय आणि मंचरचे उपजिल्हा रुग्णालय येथे सत्तरीपुढील प्रत्येक बाह्यरुग्णाच्या केस पेपरवर पाच खुणांचा एक शिक्का असावा, व डॉक्टरपुढे जाण्याआधी परिचारिकेने त्या विचारून घ्याव्यात. दोन किंवा अधिक खुणा आढळतील त्यास आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी पुन्हा बोलवावे. त्या दिवशी रांगेची घाई नसावी. आशा सेविकेच्या यादीतील उत्तरे त्या दिवसाच्या नोंदवहीत यावीत. प्रत्येक ठिकाणचा एक डॉक्टर व एक परिचारिका या कामाचे शिक्षण घेऊन यावी. त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही, केंद्र वारज्यास आहे. मंचरच्या रुग्णालयात मॉर्फिन मिळावे. आणि आशा सेविकेवर हे काम टाकताना त्याचा मोबदलाही द्यावा. फुकटच्या करुणेवर कोणतीही योजना चालत नाही. एका तालुक्यात वर्षभर हे करून पाहावे, किती जणांची ओळख पटली, किती जणांशी बोलणे झाले व किती जणांची इच्छा पाळली गेली हे मोजावे, आणि मग पुढे जावे.

शासनास सांगून झाले; आता वाचकांस. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे आईवडील अशाच एखाद्या शिनोलीस राहतात, आणि मुले कोथरूडला, हिंजवडीला किंवा समुद्रापलीकडे. दूरध्वनी येतो तेव्हा मनात प्रेम असते आणि जवळ नसल्याची खंतही असते. त्या खंतीच्या भरात आपण डॉक्टरांना म्हणतो, "काहीही करा." या दोन शब्दांनी किती वृद्धांची अखेर त्यांना नको असलेल्या ठिकाणी झाली असेल याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. येत्या सुटीत घरी जाल तेव्हा वडिलांच्या औषधांची पिशवी पाहालच. तिच्याबरोबर धोतराची निरीही पाहा, आई रात्री आडवी होऊन झोपते की बसून, हेही पाहा. आणि मग शेजारी बसून विचारा. उत्तर कदाचित चटकन मिळणार नाही. हसण्यावारी नेले जाईल, विषय बदलला जाईल. पुन्हा विचारा. गुरुजींनी जन्मभर मुलांना प्रश्न विचारले आणि उत्तराची वाट पाहिली. त्यांना तो एक प्रश्न कोणी विचारला नाही. त्यांचे उत्तर तयार होते.